चार फुटांचा घोळ

सकाळी सव्वासातला फोरमनचा फोन: "लवकर ये. तुमची खुंटी भिंतीला भिडायला आलीय."

पोचलो तर ड्रिलिंगचं मशीन नुसतंच उभं राहून डिझेल खात होतं. हायवेवरच्या मोठ्या साइनबोर्डाचा पाया घ्यायचा होता, खुंटी त्याच्या मध्यावर. ड्रॉइंगवर तो मध्य जुन्या कल्व्हर्टच्या, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीच्या, भिंतीपासून सात फुटांवर. फोरमनने टेप धरला तर तीनच.

कल्व्हर्ट १९९८चा, अमेरिकेतल्या हायवेवाल्यांच्या मेट्रिक हौसेतला. सरकारने राज्यांना मीटरवर यायला आधी १९९६ची मुदत दिली, मग २०००ची, आणि १९९८मध्ये मुदतच काढून टाकली. राज्यं निमूट फुटांवर परतली. मधल्या वर्षांची ड्रॉइंगं तेवढी मीटरमध्ये राहिली. रस्ता रुंद करायला निघालं, की ती आमच्या बोडक्यावर.

बाकी सगळं काम नव्या सर्व्हेवर होतं. या एकाच बोर्डाचा पाया जुन्या शीटवरून उचललेला. आमच्या ज्युनियरने मीटरला ०.३०४८ने भागून फूट काढले. तपासताना मीही तेच केलं. चुकीला चूक जुळली, टिक मारली.

सर्व्हेयरने पाच मिनिटांत ओळखलं. पूर्वेकडे बरोब्बर चार फूट, उत्तरेकडे जेमतेम पाच इंच. "फूट कुठला घेतलास?" एवढंच विचारलं. इथले कोऑर्डिनेट्स, म्हणजे एका ठरलेल्या शून्यापासून पूर्वेला आणि उत्तरेला मोजलेली अंतरं, सर्व्हे फुटात, आणि तो फूट म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर. नेहमीच्या ०.३०४८ मीटरच्या फुटाशी फरक दहा लाखांत दोनचा. टेपवर तो दिसायचा नाही. पण पूर्वेचा आकडाच वीस लाख फुटांच्या घरातला. तिथे तो चार फूट होऊन बसतो. उत्तरेचा आकडा दोन लाखांचा, म्हणून तिकडे पाच इंचांवर भागलं. हा सर्व्हे फूट २०२२अखेर अधिकृतपणे रिटायर झालाय म्हणे. जुन्या शीटांमधून त्याला कोण काढणार?

दुपारपर्यंत खुंटी हलली, संध्याकाळी खड्डा झाला. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये लिहिलं गेलं: जुन्या मेट्रिक ड्रॉइंगमुळे चूक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटर बिचारा दोन्हीकडे एकच होता. भांडण दोन प्रकारच्या फुटांचं होतं. पुण्यात मीटरवर शिकलेला त्या खोलीत मी एकटा. एरवी यांच्या इंच-फुटांची टिंगल करायची संधी सोडत नाही. आणि त्या शीटवर 'तपासले'च्या रकान्यात सही माझी.

मिनिट्स मेलवर आले. दोनदा वाचले, आणि 'ओके' लिहून पाठवून दिलं.