सांध्यातली खोली

घराला एक खोली वाढवायची ठरली की कंत्राटदाराला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चौरस फुटाला काय दर?’ त्यालाही तो सोयीचा असतो, कारण उत्तर एका आकड्यात देता येतं आणि बाकीचं सगळं गुलदस्त्यात राहतं. एका खोलीचा दर अख्ख्या घराच्या दरापेक्षा चढाच असणार, यात लबाडी नाही. मिक्सर, सेंटरिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा, टेकू, पराती यांची ने-आण एका खोलीसाठीही जवळपास तेवढीच करावी लागते. खरी गंमत असते ती दर कशाला लावायचा यात. आतून 10 बाय 12 फुटांची खोली म्हणजे 120 चौरस फूट. नऊ इंची भिंती धरून बाहेरून मोजली तर 155. पण 12 फुटांची एक बाजू जुन्या घराची भिंतच असेल, ती भिंत नव्याने बांधायचीच नसेल, तर माप 145 व्हायला हवं. दर तोच, खोली तीच, आणि बिलं तीन. टेप नेमका कुठून कुठे धरायचा हे कामाआधी कागदावर आलं नाही, तर ते शेवटच्या बिलात समजतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खोली बांधणं कुठल्याही बऱ्या मिस्त्रीला जमतं. जमत नाही तो जुन्या-नव्याचा सांधा. जुनं घर जेवढं खचायचं तेवढं केव्हाच खचून स्थिरावलेलं असतं. नवी खोली मात्र आत्ता कुठे बसायला लागणार असते. दोघांना विटांचे दात काढून, म्हणजे विटा एकमेकींत अडकवून घट्ट जोडलं, की नवी खोली किंचित खाली जाते आणि जोडावर वरपासून खालपर्यंत भेग उमटते. ती प्लॅस्टरने बुजवली तर पुन्हा उमटते. खाली कठीण कातळ असेल तर सळया रोवून जोडायला हरकत नाही. चिकण मातीवर मात्र दोघांनी शेजारी म्हणून राहावं हेच बरं : नव्या खोलीचे स्वतःचे कॉलम, स्वतःचं फुटिंग (कॉलमखालचा पाया) आणि मध्ये 20 ते 25 मिलिमीटरची फट. फटीत दाबला जाईल असा बोर्ड, तोंडाशी लवचीक सीलंट, वरून एका बाजूलाच ठोकलेली पट्टी. दोन्ही बाजूंना ठोकली तर ती पट्टीच फाटते.

फुटिंगचा खड्डा जुन्या पायाला खेटून आणि त्याहून खोल खणला, तर जुन्या पायाखालची मातीच सुटते. म्हणून कॉलम भिंतीपासून थोडा आत घेऊन बीम पुढे काढायचा, हे काम इंजिनीअरच्या नकाशातलं. ‘नकाशा कशाला, अंदाज आहे आपल्याला’ असं म्हणणाऱ्या कंत्राटदाराचा अंदाज सहसा सळयांच्या बाबतीत उदार आणि खोदाईच्या बाबतीत काटकसरी असतो.

छपरावर हाच सांधा पाण्याच्या रूपाने भेटतो. जुन्या भिंतीवरून ओघळणारं पावसाचं पाणी थेट फटीत उतरतं. कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (गोलाई) मारून देतो, असं सांगितलं जातं. वाटा चांगला, पण तो न हलणाऱ्या कोपऱ्यासाठी; इथे पहिल्या हालचालीला तो तडकतो. त्याऐवजी फटीवर पत्रा हवा : जुन्या भिंतीत इंचभर खोल खाच घेऊन पत्र्याची वरची कड तीत बसवायची, खालची कड नव्या स्लॅबवर फटीच्या पलीकडे मोकळी सोडायची. स्लॅबचा उतार जुन्या भिंतीपासून दूर, दर 100 ला 1.

जमिनीची पातळी जुन्या फरशीपासून खाली मोजत यायची. 10 मिलिमीटरची टाइल आणि 40 चा मसाला म्हणजे खालचा काँक्रीटचा थर जुन्या फरशीपेक्षा 50 मिलिमीटर खाली हवा. हे गणित न करता ओतलेल्या थरामुळे दारात जी पायरी तयार होते, तिला पुढे कायम सगळे ठेचकाळतात. भराव 15 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून. एकदम टाकला तर वर्षभरात टाइल पोकळ वाजते.

स्लॅबच्या दिवशी मालकाने पोती मोजावीत. या खोलीचा 5 इंची स्लॅब म्हणजे 50 घनफूट काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी यांच्या 1 : 1.5 : 3 प्रमाणाला साधारण 11 ते 12 पोती. बीम आणि छज्जे वेगळे. पाणी पोत्यामागे 25 लिटरच्या आसपास. माल सरकेना की कामगार पाइप सढळ सोडतात; काम हलकं होतं आणि स्लॅबही. सळया साच्यापासून उचलून धरायला त्यांच्याखाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत, खडीचे तुकडे नव्हेत. मग क्युरिंग. स्लॅबवर आळी करून निदान 7 दिवस पाणी साठवायचं, मिश्र सिमेंट असेल तर 10. हे पाणी कंत्राटदाराने मारायचं की मालकाने, हा मुद्दा जवळपास कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. दोघंही दुसऱ्यावर विसंबतात आणि स्लॅब कोरडा पडतो.

जुन्या भिंतीतलं दार शक्यतो जुन्या खिडकीच्याच जागी, तिच्याच रुंदीत काढावं. वर लिंटेल (भार पेलणारी आडवी तुळई) आयता असतो, खालच्या विटा तेवढ्या काढायच्या. रुंदी वाढवायची तर आधी टेकू, मग नवा लिंटेल, दोन्ही बाजूंना निदान 150 मिलिमीटर टेकलेला. हातोडा आधी चालवला तर पुढचं सांगायला नको. खिडकी गेली की जुन्या खोलीचा उजेड आणि वाराही जातो, हे भिंत उभी राहिल्यावर लक्षात येतं. नव्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या देऊन त्याची थोडी भरपाई होते.

या सगळ्या मुद्द्यांवर ‘होऊन जाईल’ हे एकच उत्तर मिळत असेल तर ते कामाचं नाही. प्लिंथ (जोतं), स्लॅब, प्लॅस्टर, फरशी अशा टप्प्यांना पैसे बांधावेत आणि बिलाचे 10 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावेत.

भेग दिसली की ‘केसाएवढी आहे, रंगात झाकेल’ असं ऐकायला मिळेल. झाकण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. चार-सहा महिन्यांनी भेग खुणेपाशीच असेल तर ती प्लॅस्टरची. पुट्टी भरून रंग द्यावा. खूण ओलांडून पुढे गेली असेल तर रंगाऱ्याला नव्हे, कंत्राटदाराला बोलवावं. त्याआधी ते 10 टक्के अजून आपल्याकडेच आहेत ना, एवढं पाहावं.