गुडघ्याचा एमआरआय आणि "ताई, भरलं का?"

मी एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे. कार्टिलेजचं ऑपरेशन झालेला पेशंट टेबलावरून उतरला की चप्पल शोधता शोधता पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, भरलं का?" म्हणजे कार्टिलेजमधला खड्डा भरून आला का. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट सर देतील हे मी दरवेळी सांगते, आणि तो दरवेळी माझ्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसतो. पण खरं सांगू का, तो प्रश्नच अर्धवट आहे.

कार्टिलेज म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत पांढरा थर. मांडीच्या हाडावर तो जेमतेम 2-3 मिमी, वाटीच्या मागे जास्त जाड. त्यात ना रक्तवाहिन्या ना नसा, त्यामुळे खड्डा पडला की आपोआप भरून यायचं नाव नाही. मग एक तर मायक्रोफ्रॅक्चर करतात, म्हणजे खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडून रक्त वर येऊ देतात आणि त्याची गुठळी धरून नवीन टिश्यू तयार होतो (अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांची ही पद्धत), नाहीतर पेशंटच्याच पेशी काढून लॅबमध्ये वाढवून खड्ड्यात सोडतात, ज्याचे पहिले 23 पेशंटांचे निकाल स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 ला छापले. मायक्रोफ्रॅक्चरनंतर येतं ते बहुतेक फायब्रोकार्टिलेज, मूळच्याइतकं दमदार नाही.

हे सगळं एक्सरेत दिसतच नाही, तिथे फक्त दोन हाडांमधली फट दिसते. दुर्बीण घालून परत बघणं सगळ्यात खात्रीचं, पण बऱ्या होत आलेल्या माणसाला परत गुडघ्याला भोकं पाडून घे असं कोण सांगणार? म्हणून आमच्याकडे पाठवतात.

तर या स्कॅनला मार्क द्यायची एक पद्धत आहे, मोकार्ट. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये मांडली, पुढे त्यात 100 पैकी मार्क आले आणि आता तिची सुधारलेली 2.0 आवृत्तीही आहे. मूळ तक्त्यात "भरलं का" याला 100 पैकी फक्त 20 मार्क. बाकीचे 80 कशाला? नवीन टिश्यू जुन्या कार्टिलेजला कडेने चिकटलाय का, वरचा पृष्ठभाग सलग आहे का, आतला सिग्नल (म्हणजे स्कॅनमधला उजळपणा) शेजारच्या कार्टिलेजसारखा आहे का, खालचं हाड ठीक आहे का, गुडघ्यात पाणी आहे का वगैरे. भिंतीतलं भोक बुजवून गिलावा केला तरी कडेने केसाएवढी चीर राहते ना, तसली चीर इथे दिसली की सर झूम करून करून बघत बसतात, कारण खड्डा पूर्ण भरलेला असला तरी कडेने सुटायला लागलेला टिश्यू पुढे उचकटू शकतो. आणि उलटंही होतं बरं का, कधी गरजेपेक्षा जास्त भरतं आणि टिश्यू वर फुगून येतो.

ही चीर दिसायला पाय अजिबात हलता कामा नये. मी कॉइलमध्ये (गुडघ्याभोवती बसवायचा सिग्नल पकडणारा साचा) गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी स्पंज दाबून बसवते, तरी मध्येच कुणीतरी पायाची बोटं हलवतो आणि नेमकी कडच पुसट येते, मग तो सीक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा तेवढा भाग, परत.

अजून एक. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्कॅन केला की नवीन टिश्यू पाण्याने भरलेला, पांढराफटक दिसतो, खालच्या हाडातही सूज दिसते, आणि घरचे रिपोर्टमधला "एडिमा" शब्द गुगल करून हवालदिल होतात. सुरुवातीला हे असतंच, टिश्यू मुरायला वर्ष-वर्ष लागतं. मात्र सूज नंतर वाढत चालली तर सर्जनला दाखवायलाच हवं.

काही ठिकाणी टी-टू मॅपिंग करतात, तो रंगीत नकाशा पेशंटना फार आवडतो. त्यात पाणी आणि कोलॅजनची मांडणी कळते. निरोगी कार्टिलेजमध्ये हाडाकडून वर येताना टी-टूचा आकडा वाढत जातो, दुरुस्त केलेल्या जागी बऱ्याचदा हा फरक नीट दिसत नाही. पण चालून, जिने चढून आलात की आकडे बदलतात, म्हणून आधी थोडा वेळ बसवून ठेवतो. लोक चिडतात, "लवकर बोलवलं कशाला मग?"

आणि एवढं करून मार्क चांगले आले म्हणजे दुखणं गेलं असं नाही हो. अभ्यासांमध्येही स्कॅनचे मार्क आणि पेशंटचा त्रास यांचा मेळ सैलच निघालाय. मांडीचे स्नायू बारीक झालेले, पाय धनुष्यासारखा वाकडा, मेनिस्कस (दोन हाडांमधली गादी) आधीच काढलेला, हे मोकार्टच्या तक्त्यात कुठे येतं? म्हणून जिना उतरताना काय होतं ते सर्जनला सांगा, नुसता रिपोर्ट पुढे करू नका.

आणि पुढच्या स्कॅनला जमलं तर त्याच मशीनवर या, मागची सीडी आणा. फिल्म नको, सीडीच. 1.5 टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) जुना स्कॅन आणि 3 टेस्लाचा नवा शेजारी ठेवला की सुधारणा गुडघ्यात झाली की मशीनमध्ये हे सरांनाही ठरवणं अवघड जातं.