पोलादपूर ते दहिवडी: वायपर बंद होईपर्यंत

पोलादपूर सोडलं तेव्हा वायपर मधल्या वेगावर होता. आंबेनळी घाटात शेवटच्या वेगावर नेला, तरी काचेपलीकडचं दिसेना. जुलैचा दुसरा आठवडा. प्रतापगड फाट्यापाशी धुक्यात पुढच्या एसटीचे लाल दिवे तेवढे कळत होते.

महाबळेश्वरात चहाला थांबलो, तर डॅशबोर्डवरचं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं. खाली घेतलं तेव्हा चांगलं दबत होतं. शाळेत घोकलेला प्रतिरोध पर्जन्य मला खरा कळला तो त्या पाकिटामुळे. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरली. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना असाच पसरतो, पसरताना गार होतो, आणि गार हवेला सगळी वाफ पेलवत नाही. किनाऱ्यावरही पाऊस थोडाथोडका नाही, अडीच-तीन हजार मिलिमीटर. इथे मात्र सहा हजारांच्या घरात! समुद्र वाफ पुरवतो; पिळून काढतो तो हा कडा.

मग पाचगणी. वीसेक किलोमीटर पुढे, उंचीतही फारसा फरक नाही, पण पाऊस साधारण तिसरा हिस्सा. जितकं उंच तितका पाऊस हे माझं गणित इथे साफ चुकलं. वाऱ्याची मुख्य चढण मागेच झालेली असते. पसरणी घाटात तर तो उतरणीला लागतो, दाबला जाऊन तापतो आणि उरलेसुरले ढगही विरतात. आम्ही काचा खाली केल्या. वाईला वर्षाचा पाऊस सात-आठशे मिलिमीटर, पण शेजारी धोम धरण भरतं ते वरच्या पावसावर. महाबळेश्वरचा पाऊस वाईकरांना आभाळातून कमी आणि कृष्णेतून जास्त मिळतो म्हणायचा.

सातारा, कोरेगाव मी झोपेत काढलं. पुसेगावच्या पुढे जाग आली तेव्हा वायपर बंद होता आणि दोन्ही बाजूंना मुरमाड माळ. दहिवडीला उतरलो. महाबळेश्वरपासून दीडशे किलोमीटरही नसतील, आणि पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे. गंमत म्हणजे आभाळ भरलेलं होतं. ढग नुसते पळत होते.

"बाबा, पडेल का आज?" टपरीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं.

"कशाचं पडतंय! ते वारीला निघाल्यात पंढरपूरला. आमच्यात मुक्काम न्हाई त्यांचा."

"मग तुमचा पाऊस कधी?"

"आमचा परतीचा. येताना इसारतो, जाताना ध्यानात येतं त्याला."

बाबांचं खरं आहे. सप्टेंबरात पश्चिमेचा जोर ओसरला की तापलेली जमीनच दुपारी हवा वर उचलते, आणि विजा कडाडत पाऊस येतो. त्याला डोंगर लागत नाही.

गाडीतली पायपुसणी पोलादपूरपासून निथळत होती. बाहेर काढून दगडांवर टाकली. दुसरा चहा होईस्तोवर खडखडीत वाळली.