प्रचरणावरून वितरणाचे कुळ ओळखताना

संख्याशास्त्र शिकताना द्विपद, प्वासाँ, गॅमा आणि प्रसामान्य ही वितरणे मला निरनिराळ्या प्रकरणांत, एकमेकांशी काहीच नाते नसल्यासारखी भेटली. त्यांना एका सूत्रात ओवणारी गोष्ट, म्हणजे मध्य (सरासरी) आणि प्रचरण (किमती मध्याभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) यांच्यातले नाते, बरीच उशिरा हाती आली, आणि ती आधी कळली असती तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते.

एका मूळ वितरणातल्या प्रत्येक किमतीला घातांकी गुणकाने भार देत गेले, की मिळणाऱ्या वितरणांच्या गटाला नैसर्गिक घातांकी कुळ म्हणतात. अशा कुळातले प्रत्येक वितरण त्याच्या मध्यावरून ठरते, म्हणून प्रचरण हे मध्याचे फलन म्हणून मांडता येते. मध्य म मानला, तर प्रसामान्यासाठी हे फलन स्थिर असते, प्वासाँसाठी म, गॅमासाठी म² च्या पटीत, आणि न प्रयत्नांच्या द्विपदासाठी म − म²/न. हे फलन आणि मध्याच्या शक्य किमतींचा अंतराल एवढे माहीत असले, की कुळ पुरते निश्चित होते. कारण नैसर्गिक प्राचलाचा (भार देणाऱ्या गुणकाच्या घातातल्या, किमतीला गुणणाऱ्या संख्येचा) मध्यासापेक्ष अवकलज प्रचरणाच्या व्यस्ताइतका असतो, आणि समाकलन करत मागे गेले की मूळ वितरण परत मिळते. घातांकी कुळाबाहेर मात्र हा दावा टिकत नाही.

संख्याशास्त्रज्ञ कार्ल मॉरिस यांनी १९८२ मध्ये दाखवले, की हे फलन फार तर द्विघाती असेल, तर मूलतः सहाच प्रकार संभवतात: वरचे चार, ऋण द्विपद आणि फारसे परिचित नसलेले हायपरबोलिक सेकंट. लंबकोनी बहुपदींच्या (एकमेकींशी ठरावीक अर्थाने काटकोनात असलेल्या बहुपदींच्या) अभ्यासातून गणितज्ञ माइक्सनर १९३४ मध्येच याच वर्गीकरणापर्यंत पोहोचले होते, याचे मला विशेष अप्रूप वाटते. पुढे लेताक आणि मोरा यांनी १९९० मध्ये त्रिघाती फलनांची आणखी सहा कुळे शोधली. व्यस्त गाउसीय त्यांतलेच.

संख्याशास्त्रज्ञ मॉरिस ट्वीडी यांनी प्रचरण मध्याच्या प-व्या घाताच्या पटीत असणारी कुळे अभ्यासली. या कुळांवरचा त्यांचा प्रसिद्ध लेख कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी परिषदेच्या इतिवृत्तात १९८४ साली छापला गेला. प १ आणि २ यांच्या दरम्यान असेल, तर प्वासाँ वितरणाने ठरणाऱ्या यादृच्छिक संख्येइतक्या गॅमा चलांची बेरीज मिळते: शून्याला स्वतःची संभाव्यता, आणि पुढे सलग धन किमती. कोरडे दिवस आणि पावसाचे मिलिमीटर एकाच वितरणात बसवायचे असतील, तर हे रूप अगदी चपखल ठरते.

प ० आणि १ यांच्या दरम्यान असेल, तर मात्र असे एकही कुळ नसते. मध्य शून्याकडे नेला तरी नैसर्गिक प्राचल सांतच राहतो, म्हणून त्या टोकाशीही कुळाचे एक वितरण असायला हवे. पण तिथे प्रचरण शून्य, म्हणजे सगळी संभाव्यता एकाच बिंदूवर एकवटलेली. घातांकी कुळातल्या सर्व वितरणांचा आधार-संच (संभवणाऱ्या किमतींचा संच) सारखाच असल्यामुळे मग अख्खे कुळच त्या एका बिंदूत कोसळेल, आणि मध्य बदलायला जागाच उरणार नाही.