बर्फाखालची सापसुरळी

मे महिना, दुपारचे तीन. बाहेर ४५ अंश. आई कूलरमध्ये पाणी भरतेय आणि मी वाचतेय बर्फातल्या सापसुरळीबद्दल.

गुथेगा स्किंक. ऑस्ट्रेलियातल्या आल्प्सची, साधारण १६०० मीटरच्या वरची. कोशिउस्को पर्वताचा परिसर आणि व्हिक्टोरियातलं बोगाँगचं पठार, बस्स. खडकांखाली, झुडपांच्या मुळाशी बिळं करून ती वस्तीनं राहते. हिवाळा बर्फाच्या थराखाली काढते. अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. तिथल्या गार मातीत अंडी उबणार तरी कशी? हवा तापत चालली की डोंगरातले प्राणी वर सरकतात. हिच्या वर मात्र आभाळच आहे. म्हणून तिची एखादी नवी वस्ती सापडली, की मला घरात बाळ जन्मल्यासारखा आनंद होतो.

आमच्याकडे सापसुरळी दिसली की लोक आधी काठी शोधतात. विषारी म्हणतात. तिला विष नसतंच! परवा तुळशीजवळ एक छोटी दिसली, लालभडक शेपटीची. शेजारच्या काकू झाडू घेऊन आल्या.

“काकू, राहू द्या न. काही करत नाही ती.”

मी मधे उभी राहिले. ती सरसर कुंडीखाली गेली. संध्याकाळी काकूंनी स्वतःच विचारलं, “आहे का गं अजून?”