ऑर्डर होती साच्यांची: आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिसं ओतायचा साचा कोण चांगला बनवतो असं विचारलंत, तर कोणीही दहा नावं सांगेल. साच्याचे दोन अर्धे मिटून उजेडासमोर धरले तरी फट दिसत नाही, असा साचा कोण बनवतो ते विचारा. मग दोन-तीनच नावं उरतात, आणि त्यात आमचं असतं. हे मी स्वतःच लिहितोय, कारण आमच्या ड्रॉइंगवर ज्यांनी धंदा केला ते काही लिहिणार नाहीत.

१९९४ साली भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये सुरुवात केली. जुनी लेथ, एक मिलिंग मशीन आणि कर्ज काढून घेतलेलं सेकंडहँड सरफेस ग्राइंडर. भागीदार म्हणजे मास्तर. ओझरच्या विमान कारखान्याच्या टूलरूममधून मुदतीआधी निवृत्ती घेऊन आलेले. त्यांना घरचेसुद्धा मास्तरच म्हणत. गिऱ्हाईक आणि पैसा मी बघायचो, मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ते बघायचे. सरफेस प्लेटला, म्हणजे तंतोतंत सपाट पाटाला, निळा रंग लावून त्यावर जॉब, म्हणजे बनवलेला भाग, घासायचा, रंग जिथे लागेल तो उंचवटा स्क्रेपरने हलक्या हाताने काढायचा, पुन्हा घासायचं. हे काम ते रेडिओवर अभंग लावून करत आणि मधे कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. हल्लीची मुलं म्हणतात, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, आहे ना. आहे. पण सीएनसीवरून उतरलेला जॉब प्लेटवर घासून बघा एकदा, मग बोलू.

पुढची बरीच वर्षं सातपूरच्या मोठ्या कारखान्यांना जिग, फिक्श्चर, गेज पुरवण्यात गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते अमेरिकेतल्या काकांपासून. मूळचे नाशिकरोडचे, तिकडे मशिनिस्ट म्हणून नोकरी केलेले आणि दर हिवाळ्यात भावाकडे येणारे. २००४ च्या सुमारास कोणाच्या तरी ओळखीने शेडवर आले. शिसं ओतायची पळी हवी होती. तिला खाली चोच हवी होती, म्हणजे वरची मळी पळीत येणार नाही आणि तळाचं स्वच्छ शिसं साच्यात पडेल. तिकडे मिळत नाही का, विचारलं. म्हणाले, "मिळते रे, पण दांडा दोन महिन्यांत हलायला लागतो." मास्तरांनी दांडा सागाचा केला आणि आत लोखंडी शेपूट आरपार नेऊन पलीकडे रिव्हेट मारला. काका खूश. पुढच्या वर्षी त्यांच्या क्लबातल्या मित्रांसाठी पळ्या आणि शिशाच्या लगडी ओतायचे साचे घेऊन गेले. त्यानंतर एकही हिवाळा ते रिकाम्या हाताने परत गेले नाहीत. पैसे आगाऊ द्यायचे, भाव कधी केला नाही. असं गिऱ्हाईक धंद्यात एकदाच मिळतं.

हे काका तिकडे रायफलची काडतुसं घरी भरत. अमेरिकेत हा राजरोस छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडतं. त्यांचा खास नाद म्हणजे हलकी भरणी. रायफल मोठी, .३०-०६, म्हणजे अमेरिकन लष्कराने १९०६ साली घेतलेलं काडतूस. गोळी मात्र घरी ओतलेली, शिशाची. आणि पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, रायफलची नाही तर पिस्तुलाची, भुर्रकन जळणारी. बुल्सआय, युनिक ही त्यातली शंभर वर्षांहून जुनी नावं. कारखान्याच्या काडतुसाची गोळी सेकंदाला सत्तावीसशे फुटांच्या पुढे जाते. काकांची हजार-बाराशेच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या अलीकडे-पलीकडे. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, नळी झिजत नाही, आणि पावडर इतकी थोडी लागते की एक डबा अनेक पट पुरतो. डबा एक पौंडाचा, म्हणजे सात हजार ग्रेनचा. रायफलच्या भरणीला एका काडतुसाला पन्नासच्या आसपास ग्रेन जातात, म्हणजे डब्यात जेमतेम एकशेचाळीस काडतुसं. काकांच्या हिशोबाने त्याच डब्यात त्याच्या अनेक पट निघायची.

रायफलची संथ जळणारी पावडरच थोडी घातली तर चालत नाही का, असं मी विचारलं होतं. नाही चालत. रायफलच्या पावडरला नीट जळायला दाब लागतो आणि साधी शिशाची गोळी तेवढा दाब सोसत नाही. नळीत आतून कोरलेल्या, गोळीला फिरवणाऱ्या आट्यांवरून घसरते, गॅस बाजूने निसटतो आणि आट्यांमध्ये शिसं चिकटून बसतं. पिस्तुलाची पावडर कमी दाबातही पूर्ण जळते. पण तिची खोड अशी, की एवढ्या मोठ्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, ती तळाला पसरते आणि वर सगळी रिकामी जागा. चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, कळतही नाही. आणि दुप्पट भरणी म्हणजे रायफलच्या चिंधड्या. म्हणून काका सगळ्या केस लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या करायचे आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवायचे. पावडर फार कमी पडली तर दुसरं दुखणं, गोळी नळीतच अडकते. ती न बघता मागून दुसरी उडवली की संपलं. हे सगळं ते चहा पिता पिता सांगत आणि मास्तर मन लावून ऐकत. मास्तरांना बंदुकीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना साच्याशी होतं.

कारण खरी गंमत साच्यात. ओतलेली गोळी नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांशाने जाड हवी, तरच गॅस अडतो. .३०८ ची नळी असेल तर गोळी .३०९ किंवा .३१०. आता शिसं थिजताना आकसतं, आणि किती आकसतं ते त्यात अँटिमनी आणि कथील किती यावर ठरतं. म्हणजे साचा कापणाऱ्या कटरचं माप धातूवर अवलंबून. या कटरला तिकडे चेरी म्हणतात. गोळीच्याच आकाराचं, दाते पाडलेलं हत्यार. साच्याचे दोन अर्धे चेरीवर हळूहळू मिटत आणायचे, मधोमध पोकळी तयार होते. काका वहीत चित्र काढून दाखवायचे आणि मास्तर खाली टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहायचे.

त्याच दिवसांत आम्ही नाशिकमधल्या बंद पडलेल्या छापखान्यांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, आणि लायनोटाईप यंत्रावर ओतलेल्या अख्ख्या ओळी भंगारातून घ्यायला लागलो होतो. ऑफसेट छपाई आल्यावर टाईप किलोवर विकला जात होता. लायनोटाईपच्या धातूत शंभरात चौऱ्याऐंशी भाग शिसं, बारा अँटिमनी, चार कथील. अडीचशे अंशांच्या आतच पातळ होतो आणि साच्याचा कोपरान् कोपरा भरतो. काकांनी मूठभर खिळे हातात घेऊन म्हटलं, "तिकडे यासाठी लोक रांगा लावतील, आणि तुम्ही पोत्यात भरून ठेवलंय." आम्ही त्यात लगडीच्या साच्यांच्या चाचण्या घ्यायचो.

आता मूळ दुखणं. २०१३ साली अमेरिकेत काडतुसांची भयंकर टंचाई झाली. बंदुकांवर नवे कायदे येणार या भीतीने लोकांनी दुकानं रिकामी केली. काडतुसं नाहीत म्हटल्यावर घरी भरणारे वाढले, आणि पावडरही मिळेना म्हटल्यावर थोडक्या पावडरीत भागवणारी ही शिशाची गोळी सगळ्यांना आठवली. साच्यांना मागणी आली. तेव्हाच एक निर्यातदार शेडवर आला. नाव घेत नाही. काकांच्या मित्रांकडे आमच्या पळ्या बघितल्या होत्या म्हणे. बोलणं गोड, बोटात अंगठ्या. ऑर्डर हजारावर साच्यांची. ॲल्युमिनियमचे ब्लॉक, दोन पोकळ्या, वर स्टीलची स्प्रू प्लेट, म्हणजे शिसं ओतायचं भोक असलेली आणि वरचं जादा शिसं कापणारी पट्टी, सागाच्या मुठी. थोडा ॲडव्हान्स दिला, बाकी माल उचलताना.

आमच्याकडे इतकी मोठी ऑर्डर कधी आली नव्हती. बँकेची लिमिट पूर्ण वापरली. ॲल्युमिनियमचे बार आले, दोन पोरं नवी लावली. मास्तरांनी इथे जी अक्कल लढवली ती आजही आमची ओळख आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात स्टीलच्या डॉवेल पिना, म्हणजे दोन अर्धे जागेवर धरणाऱ्या खुंट्या, थेट बसवल्या तर काही महिन्यांत भोक वाढतं आणि दोन अर्धे सरकतात. मग गोळीवर एका बाजूला धार येते. मास्तरांनी समोरच्या अर्ध्यात कडक केलेले स्टीलचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, दाबून बसवले. पिन बुशमध्ये जाते, ॲल्युमिनियमला शिवतच नाही. दोन अर्धे जिथे मिटतात त्या पृष्ठभागांवर हवा जायला बारीक रेघा ओढल्या, नखाला जेमतेम लागतील अशा. ब्लॉक सगळे तयार झाले. चेरी कापून, कडक करून, तेलात ठेवली. पोकळ्या तेवढ्या कापायच्या राहिल्या.

तिथे मास्तर थांबले. म्हणाले, परवान्याचा कागद दाखवा, मग कापतो. निर्यातदार म्हणाला, बिलावर "कास्टिंग टूल" लिहा, सगळे तेच करतात. मास्तर मला घेऊन गंगापूर रोडच्या वकिलांकडे गेले. वकिलांनी १९५९ चा शस्त्र कायदा काढला. दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही येते, आणि कलम ५ प्रमाणे ती परवान्याशिवाय बनवता येत नाही, विकताही येत नाही. वकिलांचं म्हणणं स्पष्ट होतं: गोळीच्या आकाराची पोकळी पडली की तो ब्लॉक या व्याख्येत ओढला जाणार, तोवर ते नुसतं ॲल्युमिनियम. आम्ही निर्यातदाराला कळवलं: परवाना आणा, आठवड्यात माल देतो. तो आधी चिडला, मग गोड झाला, मग फोन उचलेना. ड्रॉइंगचा एक सेट त्याच्याकडे होता. तो परत आला नाही, बाकी पैसेही नाहीत. उलट बाजारात सांगत फिरला की नाशिकवाल्यांनी ऑर्डर अडवली.

त्या वर्षीची दिवाळी आमच्या घरी कशी गेली ते बायकोला विचारा. तिचे दागिने गहाण, बँकेचा माणूस दर सोमवारी दारात, नव्या पोरांना काढावं लागलं. मास्तरांनी स्वतःचा पगार घेतला नाही आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र बोलायचो, रात्री दोनला, भिंतीशी. शेडमध्ये रॅकवर हजार ब्लॉक ओळीने बसलेले, एकेक लखलखीत, आणि भंगारवाला त्यांचा भाव किलोवर सांगत होता.

वाट निघाली ती जाळ्यांतून. आमच्या एका कामगाराचं गाव दापोलीकडे. त्याने विचारलं, यात जाळ्याची वजनं नाही का ओतता येणार? पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारे कोळी जाळ्याच्या काठाला शिशाची वजनं लावतात, ती बहुतेक जण मातीत किंवा पत्र्यात कशीबशी ओततात. मास्तरांनी चेरी कपाटात टाकली आणि गोल टोकाचा साधा बॉलनोज कटर लावला. दोन अर्ध्यांच्या मधून दोरीच्या भोकासाठी काढता-घालता येणारी कोअर पिन दिली. स्प्रू प्लेट, मुठी, बुश, हवेच्या रेघा, सगळं होतं तेच. पहिला लॉट हर्णैला गेला. कोळी लोक भाव करतात, पण माल आवडला तर भावकीत सांगतात. दोन वर्षांत रॅक रिकामा झाला, दागिने सुटले. नंतर गंगापूर धरणावर गळ टाकणारे हौशी लोकही येऊ लागले. त्यांना वेगवेगळ्या वजनांची शिसं हवी असतात आणि बोलायला वेळ भरपूर असतो.

मग आमच्याच गल्लीतल्या एकाने तोच साचा बाजारात आणला. तिनशे रुपयांनी स्वस्त. पैसा कोणी पुरवला ते तुम्ही ओळखलंच असेल; ड्रॉइंगवरचे टॉलरन्ससुद्धा मास्तरांच्या अक्षरातले होते, मी स्वतः बघितलं. फक्त बुश गाळले. बुश गाळले की तिनशे वाचतात, हे मलाही माहीत आहे. एका मोसमानंतर त्याचे साचे आमच्याकडे दुरुस्तीला यायला लागले. दुरुस्तीचे पैसे आम्ही पूर्ण घेतो.

साचा कोणाचाही घ्या, पण काही गोष्टी ऐका. शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफ होऊन सगळं तोंडावर उडतं. ओली लगड, ओली पळी, घामाचा थेंब, काहीही नको. बॅटरीचं शिसं घरी वितळवू नका, त्यातून निघणारे वायू जीवघेणे असतात. गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती वजनं भंगारातून घेत असाल तर जस्ताची वेगळी काढा. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून शिसं फार तापवलं नाही तर ते वर तरंगतं आणि पळीने काढता येतं. एकदा विरघळलं की साचा भरतच नाही. स्प्रू प्लेटवर लोखंडी हातोडी मारणाऱ्याला आम्ही वॉरंटी देत नाही, लाकडी घ्या. वजनावर सुरकुत्या आल्या तर साचा गार आहे किंवा त्याला तेल लागलंय, दुधी, निस्तेज छटा आली तर फार तापलाय. आणि ओतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. घरातल्या पोरांना तर भट्टीच्या आसपासही येऊ देऊ नका.

मास्तर आता शेडवर सकाळीच येतात, दोन तास बसतात, नव्या पोरांचे जॉब निळ्या रंगावर घासून बघतात आणि निम्मे परत करतात. काकांचा प्रवास आता थांबलाय, पण त्यांचा मुलगा आला की पळ्या घेऊन जातो. पळीचा दांडा आम्ही अजून तसाच करतो, शेपूट आरपार.

गेल्या दिवाळीनंतर त्या निर्यातदाराचा फोन आला. आखातात जाळ्यांच्या वजनांच्या साच्यांना मागणी आहे म्हणाला, पाचशे नग, नव्वद दिवसांची उधारी. मी म्हटलं, पूर्ण पैसे आगाऊ, आणि २०१३ ची बाकी त्याआधी. विचार करून कळवतो म्हणाला. भाव मी तिनशेने वाढवून सांगितला होता.