पाकळी उडाली!
आज दिवसभरात खुर्चीच्या पाठीवरची जेमतेम दोन फुलं कोरून झाली. तिसऱ्याची पाकळी उडाली. चूक माझीच. सागाच्या रेषा कुठे वळतात ते न बघता उलट्या दिशेने पटाशी चालवली आणि टचकन ढलपी निघाली. ती खालच्या भुशात शोधायला अर्धा तास! (सापडली. सरस लावून बसवलीय, सकाळपर्यंत हात लावायचा नाही.) खरं तर पटाशी बोथट झालीय हे दुपारीच कळलं होतं. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चेंगरते. मग आपण जोर लावतो आणि ती सटकते. पण उठून दगडावर धार लावायचा कंटाळा. संध्याकाळी लावली, तर आडव्या रेषांवरही सरसर चालली. चौथं फूल उद्या.